टक्कल पडतंय, पण 'जन्मभर औषध' म्हटल्यावर पाय मागे येतोय. अनुभव सांगा

दिवाभीत
मंडळी, वय वर्षं ३१. परवा लिफ्टमध्ये उभा होतो. समोरच्या छोट्या पडद्यावर छतावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसत होतं. त्यात एक पाठमोरा माणूस, टाळूवर चांगला वाटीएवढा चंद्र उगवलेला. मनात म्हटलं, बिचारा! मग मी मान खाजवली, तर त्यानंही खाजवली.

कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत हे माहीत होतं, पण त्यानं आपण भारदस्त दिसतो अशी स्वतःची समजूत घातली होती. मागचा कारभार मात्र आरशात कधी दिसलाच नव्हता. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, "पुरुषी टक्कल, तिसरी पायरी, टाळूसकट" असं सांगितलं आणि चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या. लावायला ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि रोज १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, "केस हवेत तोवर."

चिठ्ठी तीन आठवडे खिशातच आहे. ज्यांनी सुरू केलं, सुरू करून सोडलं किंवा ठरवून काहीच केलं नाही, अशा सगळ्यांचं ऐकायचंय. तेलं आणि लेप सुचवू नयेत, ते सगळे नातेवाइकांनी सुचवून झालेत.

उंटावरून
पहिला प्रतिसाद माझा! डोक्याचं सांगता येत नाही, पण धाग्याला फाटे नक्की फुटतील.

गुळगुळीत
ठरवून काहीच न केलेल्यांचा प्रतिनिधी हजर आहे. वय ४४. उरलेले केस उजवीकडून डावीकडे ओढून झाकण्याचा उद्योग दोन वर्षं केला. वारा सुटला की ते झाकण डब्यासारखं उघडायचं. २९व्या वर्षी एका रविवारी मशीन फिरवलं ते आजतागायत.

तोटे सांगतो, फायदे सगळेच सांगतात. एक, ऊन. टाळू भाजते, साल निघते, तिथे सनस्क्रीन लावावंच लागतं. दोन, केस असताना कपाटाचं उघडं दार जवळ आलं की केसांना आधी चाहूल लागायची. आता दाराची आणि कवटीची थेट भेट होते. पहिल्या वर्षात चार खोका पडल्या. हे कुणी आधी सांगत नाही.

सूक्ष्मदर्शी
व्यवसायानं त्वचेचा डॉक्टर आहे. इथून कुणाचं निदान करणार नाही, पण 'केसगळती' या शब्दानं घोळ होतो तेवढा निस्तरतो. पुरुषी टकलात केस गळतात त्यापेक्षा ते खुरटतात, हे महत्त्वाचं. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत मुळाशी आखडतो, साधारण ३ महिने निपचित राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. रोज ५० ते १०० केस जाणं हा या रहाटगाडग्याचाच भाग आहे.

आता, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन तयार करतं. ज्यांची कपाळावरची आणि टाळूवरची मुळं या डीएचटीला हळवी असतात, त्यांच्या केसांच्या वाढीची मुदत दर फेरीला आखूड होत जाते. चार वर्षांची दोन, दोनाचं एक, मग काही महिने. केस दर वेळी आधीपेक्षा बारीक येतो आणि शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या मुळांना डीएचटीचं सोयरसुतक नसतं, म्हणून ती झालर म्हातारपणापर्यंत टिकते.

फिनास्टेराइड ते विकर अडवतं. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतं. मिनॉक्सिडिलचा डीएचटीशी संबंध नाही, ते वाढीची अवस्था लांबवतं. खुरटलेलं मूळ काही अंशी सावरतं, पार बुजलेलं सहसा परत येत नाही. म्हणून ३१व्या वर्षी विचारलंत ते बरं केलंत.

उंटावरून
डॉक्टरसाहेब, म्हणजे टकल्यांच्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त असतं हे खरं ना? घरी सांगायचंय.

सूक्ष्मदर्शी
नाही. रक्तातली पातळी चारचौघांसारखीच असते, मुळं हळवी असतात. घरी दुसरं काहीतरी सांगा.

आजोळचा वारस
मला लहानपणापासून सांगितलं होतं की आईच्या वडिलांचे केस बघ, तेच तुझे. आजोबांचे केस नव्वदीतही दाट. मी निर्धास्त. २७व्या वर्षी डोक्यावर हेलिकॉप्टर उतरेल एवढी जागा झाली. आजोबांकडून फक्त दम्याचा त्रास मिळाला.

कानामात्रा
@आजोळचा वारस, ही समजूत अगदीच निराधार नाही, अर्धी आहे. डीएचटी पेशीतल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषाला एक्स आईकडूनच मिळतं. म्हणून आजोळकडे बोट जातं. पण २०व्या गुणसूत्रावर आणि इतरत्रही बरीच जनुकं यात हात घालतात, ती दोन्हीकडून येतात. माझ्या सख्ख्या भावाची आई तीच, बाप तोच. त्याचा भांग अजून शाबूत आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

रोज दोनदा
मिनॉक्सिडिल, सहा वर्षं, टाळूसाठी. दिवाभीतराव, जे मला कुणी सांगितलं नाही ते सांगतो. तिसऱ्या आठवड्यात केस वाढण्याऐवजी जास्त गळायला लागले. न्हाणीघरातली जाळी तुंबली. मी बाटली फेकायला निघालो होतो. नंतर कळलं की निपचित पडलेले जुने केस औषधामुळे एकदम जागा सोडतात. साधारण दोन महिन्यांत ओसरतं. नेमके इथेच निम्मे लोक पळ काढतात आणि 'औषधानं होते तेही गेले' असं गावभर सांगतात.

फरक कळायला ४ ते ६ महिने लागले. तोही कसा? टाळूचा चंद्र गेला नाही, ढगाआड गेला. कपाळाच्या कोपऱ्यांवर तर काडीचा फरक नाही.

लोशननं मला खाज सुटायची, खपल्या धरायच्या. त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा तो प्रताप होता. फोममध्ये ते नसतं. फोमवर आलो, खाज थांबली. आणि हो, मध्ये चार महिने कंटाळून सोडलं होतं. कमावलेलं सगळं गेलं. कर्जाचे हप्ते चुकवल्यासारखं, फक्त इथे बँक डोक्यावरच असते.

मनीमाऊची आई
घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल म्हणजे विष आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहा कुणीतरी. मांजरांना अगदी थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं. उशीचा अभ्रा, हात, सांडलेले थेंब, सगळ्याची काळजी घ्या. आमचे हे आता दार बंद करून औषध लावतात, सुकेपर्यंत मनीला जवळ घेत नाहीत. मनी रुसते, रुसू दे.

दिवाभीत
मांजर नाही. पण ही माहिती चिठ्ठी देताना कुणी दिली नव्हती. आभार.

घायाळ
मी गोळीबद्दल बोलतो, कारण इथे अजून कुणी बोललेलं नाही. फिनास्टेराइड आठ महिने घेतली. केस थांबले, खरंच थांबले. पण तिसऱ्या महिन्यापासून इच्छा मेली. नंतर मन इतकं उदास राहायला लागलं की रविवारी पांघरुणातून बाहेर येववेना. गोळी सोडली. शरीर तीनेक महिन्यांत ताळ्यावर आलं, मन यायला वर्ष गेलं. "असं काही होत नाही हो" म्हणणारे भेटतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे, तुम्हाला झालं नाही एवढंच म्हणा.

टक्केवारी
घायाळ, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. पण नवीन वाचणाऱ्यानं आकडेही बघावेत. परवान्याच्या वेळच्या चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या आणि खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांतही २.१ टक्के होत्या. दोन वर्षांनी टाळूवरच्या केसांची संख्या गोळीवाल्या ८३ टक्के लोकांत टिकली होती, खोट्या गोळीवाल्या २८ टक्क्यांत. २००७ मध्ये इटलीत प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) रुग्णांवर एक मजेशीर प्रयोग झाला. ५ मिलिग्रॅमची हीच गोळी देताना निम्म्यांना दुष्परिणाम सांगितले, निम्म्यांना सांगितले नाहीत. सांगितलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत १५.३ टक्क्यांनी. मनाचा वाटा मोठा आहे.

घायाळ
मजेशीर तुम्हाला वाटला. आणि न सांगितलेल्या १५ टक्क्यांचं मन कुणी बिघडवलं होतं? मी सुरू करताना काहीही वाचलेलं नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, हेच तर माझं दुखणं आहे.

टक्केवारी
'मजेशीर' शब्द मागे घेतो. चुकलं.

सूक्ष्मदर्शी
दोघांचंही बरोबर आहे आणि त्यात विरोधाभास नाही. बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांना होतं, त्यांतल्या बहुतेकांचं गोळी सोडल्यावर जातं. काही जणांनी नंतरही त्रास टिकल्याचं नोंदवलेलं आहे. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपीय औषध नियामकांनी २०२५ मध्ये नोंदवलं. त्यामुळे आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये आणि मन काळवंडायला लागलं तर गोळी थांबवून लगेच भेटावं. "काही होत नाही" म्हणणारा आणि "सगळ्यांचं वाटोळं होतं" म्हणणारा, दोघांपासून चार हात दूर राहा.

अर्धांगी
बायकोच्या बाजूनं एक विचारते. आमच्याकडे पाळणा हलायची चिन्हं आहेत आणि नवरा ही गोळी घेतो. काही धोका?

सूक्ष्मदर्शी
अभिनंदन! तुटलेल्या किंवा चुरलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावायचा नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत बिघाड होऊ शकतो. अख्ख्या गोळीला वर आवरण असतं. त्यांच्या गोळ्या त्यांनाच हाताळू द्या आणि तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. ५ मिलिग्रॅमची गोळी सुरीनं कापून काटकसर करणारे महाभाग असतात, त्यांनी तर घरात हा उद्योग करूच नये.

पन्नाशीपार
माझीही भर घाला. ही गोळी मुळात १९९२ साली ५ मिलिग्रॅममध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आली, केसांसाठीची १ मिलिग्रॅम १९९७ च्या शेवटी. प्रोस्टेटशी नातं तेव्हापासूनचं. परिणाम असा की पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा गोळीमुळे जवळपास निम्मा दिसतो. तपासणाऱ्याला सांगितलं नाही तर खरा वाढलेला आकडाही 'ठीक आहे' म्हणून निसटतो. मी सांगायला विसरलो होतो, सुदैवानं बायकोला आठवलं. रक्तदान करणाऱ्यांनीही आधी विचारावं, शेवटच्या गोळीनंतर ठरावीक काळ थांबवतात.

बखरकार
थोडं अवांतर. खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिप्पोक्रेट्सच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाला अर्धं उत्तर ठाऊक होतं, पण उपाय कुणाला हवा होता तसला? १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकानं तेच पडताळलं. वयात येण्याआधी अंडकोष गमावलेल्यांना टक्कल पडलं नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. टकलाच्या त्यानं आखलेल्या पायऱ्या १९७५ मध्ये नॉरवूड या डॉक्टरनं सुधारल्या. दिवाभीत यांची 'तिसरी पायरी' ती हीच, एकूण सात आहेत.

पण खरी गंमत १९७४ ची. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही घराण्यांत ५-अल्फा रिडक्टेज जन्मतःच कमी असलेले पुरुष सापडले. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट लहान आणि डोक्यावर भरघोस केस. फिनास्टेराइडची कल्पना तिथून पुढे सरकली. मिनॉक्सिडिलची जन्मकथा उलटी आहे. ते रक्तदाबाचं औषध. रोग्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले आणि कुणाचीतरी ट्यूब पेटली. १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मिळालं.

ज्युलियस सीझर केस मागून पुढे विंचरायचा. सिनेटनं कायम पानांचा मुकुट घालायची मुभा दिली, तेव्हा सगळ्या मानमरातबांत त्याला तीच सर्वांत प्रिय होती, असं रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो.

उंटावरून
गुळगुळीत, बघा! तुम्ही मशीन फिरवलंत, त्यानं साम्राज्य उभं केलं.

गुळगुळीत
आणि शेवटी काय झालं त्याचं? केसानं गळा नाही कापला, मित्रांनी भोसकला.

रोपवाटिका
ट्रान्सप्लांटचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. माझी चूक कुणाच्या उपयोगी पडली तर पडो. २५व्या वर्षी केलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. तपासणी सल्लागार नावाच्या टायवाल्या माणसानं केली, डॉक्टर थेट टेबलावर भेटले. "पुढची रेषा अठरा वर्षांच्या मुलासारखी करून देतो" म्हणाले, दिलीही. मागचे केस एकेक उपटून पुढे पेरले. तीन आठवड्यांत पेरलेले सगळे गळाले (हे सगळ्यांचंच होतं, सांगितलं होतं), चौथ्या महिन्यात कोंब आले, वर्षभरात रान छान माजलं.

मग? पेरलेले केस मागचे, त्यांना डीएचटी शिवत नाही. त्यांच्या मागचे मूळचे केस मात्र आपल्या गतीनं जातच राहिले, कारण औषध मी घेत नव्हतो. "केलंय की ट्रान्सप्लांट, आता औषध कशाला!" आता वय ३४. पुढे दाट कुंपण, मध्ये माळरान, मागे झालर. परत करावं म्हटलं तर मागच्या बियाण्याचा साठा मोजकाच आहे आणि पहिल्या खेपेला सढळ हातानं उधळलेला. मागून काढलेला केस तिथे परत उगवत नाही. नवीन केस तयार होत नाहीत, जागा बदलतात, एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी नीट सांगायला हवं होतं.

रोज दोनदा
@रोपवाटिका, हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर टांगून ठेवायला हवा.

सूक्ष्मदर्शी
+१. पंचविशीत टकलाचा अंतिम नकाशा कळत नाही, म्हणून चांगला सर्जन आधी औषधानं स्थिर करा म्हणतो आणि पुढची रेषा जरा वरच ठेवतो. कुणी विशीतल्या पोराला 'अठरा वर्षांची रेषा' विकत असेल तर उठून यावं.

तापसरी
माझा प्रश्न वेगळा आहे. मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर अडीच महिन्यांनी मूठ मूठ केस यायला लागले. सगळ्या डोक्यावरून. मीही हेच औषध सुरू करू का?

सूक्ष्मदर्शी
आधी दाखवा. ताप, शस्त्रक्रिया, अचानक वजन उतरणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून केस जातात, ते बहुधा आपोआप भरून येतात. एकाच जागी नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचं कारण रोगप्रतिकारशक्तीत आहे आणि उपचारही निराळे. सगळ्यांना एकच बाटली लागू नाही. आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर थायरॉइडच्या रक्ततपासणीआधी सांगा, त्या आकडे बिघडवतात.

तापसरी
सुरू केल्यात. कालच तपासणी झाली. :(

पन्नाशीपार
माझं प्रोस्टेट, तुमचं थायरॉइड. सांगायला विसरणाऱ्यांचा संघ काढू या.

पाठलाग
पीआरपी, लेझरचा कंगवा, सुयांचा रोलर, डुटास्टेराइड, सगळं करून बसलोय. विचारलंत तर सांगेन.

दिवाभीत
विचारतो!

पाठलाग
थोडक्यात. रोलरनं मिनॉक्सिडिलच्या जोडीला मला थोडा हातभार लागला. लेझर कंगव्यानं काय झालं ते मला कळलं नाही आणि कंगव्यालाही. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला भाग डोक्यात टोचतात. दुखलं, पहिले काही महिने बरं वाटलं. प्रत्येक ठिकाणी तयार करायची पद्धत निराळी, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. डुटास्टेराइड फिनास्टेराइडचं थोरलं भावंड, डीएचटी ९० टक्क्यांच्या वर उतरवतं आणि अंगात फार दिवस रेंगाळतं. म्हणजे त्रास झालाच तर तोही रेंगाळणार. केसांसाठी त्याला दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मान्यता आहे, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. माझे केस ठीक आहेत. पण दिवसाचा किती वेळ मी डोक्याच्या बाहेरच्या बाजूचा विचार करण्यात घालवला, तो हिशेब मांडायची हिंमत नाही.

दिवाभीत
सगळ्यांचे आभार. काल दुकानात जाऊन आलो. लोशन घेतलं, गोळी नाही. वडिलांना मध्ये दोन वर्षं नैराश्याचं औषध होतं, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. घायाळ यांचा प्रतिसाद वाचून आठवलं. पुढच्या भेटीत सांगेन, मग गोळीचं बघू. 'जन्मभर' या शब्दाचं म्हणाल, तर सहा महिने एवढाच विचार करतोय. दर महिन्याला टाळूचा फोटो काढणार.

घायाळ
वाचलंत आणि आठवलं, एवढं पुरे मला.

रोज दोनदा
फोटो एकाच जागी, एकाच दिव्याखाली, केस कोरडे असताना. नाहीतर स्वतःलाच फसवाल.

*(सहा महिन्यांनी)*

दिवाभीत
धागा वर काढतोय. दुसऱ्या महिन्यात जाळी तुंबली, रोज दोनदा यांचं नाव घेत तग धरला. डॉक्टरांशी गोळीबद्दल सविस्तर बोललो, तूर्त नको असं दोघांचं ठरलं. कालचा फोटो पहिल्याशेजारी ठेवला. चंद्र चक्क अर्धा! आनंदानं बायकोला दाखवला. ती म्हणाली, "न्हाणीघरातला बल्ब मी दिवाळखोरासारखा मिणमिणता होता म्हणून मार्चमध्ये बदलला ना!"

उंटावरून
हसून हसून पुरेवाट. केस नाही, उजेड वाढला.

कानामात्रा
अहो, तुमच्याकडे लिफ्ट आहे की. तोच कॅमेरा, तोच कोन, तोच दिवा.

दिवाभीत
@कानामात्रा, आज सकाळी गेलो. पडद्यावर नीट दिसावं म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. चंद्र आहे, पण कडा धूसर झाल्यात, एवढं नक्की. तेवढ्यात लक्षात आलं, पडद्यावर आणखी एक डोकं आहे आणि तेही मान खाली घालून पडद्याकडेच तिरकं बघतंय. पाच मजले दोघंही गप्प. दार उघडलं तसा तो बाहेर पडला, मागे वळला आणि हळूच म्हणाला,
"लोशन की फोम?"